तोपर्यंत

मी शालन तांडेल, परिचारिका.
नोंदणी चालू, हात स्थगित.

कागदावर तसं लिहिलेलं नाही.
कागदावर आहे: चौकशी पूर्ण होईपर्यंत
इंजेक्शन देऊ नये,
औषधाच्या कपाटाची किल्ली बाळगू नये,
रात्रपाळी करू नये.
खाली गोल शिक्का, शाई थोडी फुटलेली.

रजिस्टरात गुंगीच्या औषधाच्या दहा कुप्या,
कपाटात आठ.
दोन कुठे गेल्या, मला ठाऊक नाही.
ठाऊक आहे ते एवढंच, की त्या रात्री
फुरसं चावलेला एक पोरगा खाडीपलीकडून होडीतून आला
आणि मोजणीच्या रकान्यात
मी न मोजता सही केली.
हे पहिल्याच दिवशी सांगितलं.
नंतर कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासून मी केसपेपरच्या खिडकीत.
पाच रुपये. नाव, वय, गाव.
म्हाताऱ्या सवयीने मनगट पुढे करतात,
मी त्यांच्या हातात कागद ठेवते.
आत नवी पोरगी कुणाची तरी शीर शोधतेय, तिसऱ्यांदा.
रडण्यावरून मला इथे कळतं
सुई कुठे चुकली ते.

सहा महिन्यांनी पत्र: मुदत वाढवण्यात येत आहे.
पुन्हा सहा. पुन्हा तेच वाक्य,
जुन्या तारखेवर पांढरा रंग, वर नवी तारीख.

जुलैत भावाची होडी वाळूवर ओढलेली, झापांखाली.
जाळं सांधता सांधता त्याने विचारलं,
"तुजी बंदी कधी उठतली गो?"

दर्याच्या बंदीला तारीख असते.
बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ती पाठ.
मासळीला अंडी घालू द्यावीत म्हणून बंदी,
हे कुणीही समजावून सांगेल.
माझ्या बंदीच्या पोटात काय वाढतंय
ते बघायला कुणी आलं नव्हतं.

तायशेटे वकीलबाईंबरोबर पहाटेच्या एसटीने
फोंडाघाट चढून घाटावरच्या कोर्टात गेले.
आमचं प्रकरण सत्तेचाळिसावं.
पुकारा झाला तेव्हा मी बाकाखाली
डावी चप्पल शोधत होते.

परिषदेचे वकील म्हणाले, प्रश्न रुग्णांच्या सुरक्षेचा आहे.
खरं होतं.
माझ्या पोराला कुणी टोचणार असतं
तर मीही हेच म्हटलं असतं.

न्यायमूर्ती बाईंनी चष्मा काढला.
"दोषी की निर्दोष, ते मी आज बघत नाही.
चौकशी कुठवर आली तेवढं सांगा."
चौकशी अधिकारी बदलले.
"मग?"
नवे अजून रुजू व्हायचे आहेत.
"साक्षीदार किती तपासले?"
फायलीची पानं उलटली. उलटत राहिली.
त्या आवाजाइतकं स्वच्छ उत्तर
मला दोन वर्षांत मिळालं नव्हतं.

"अंतरिम म्हणजे मधलं," त्या म्हणाल्या.
"दुसरं टोक कुठंय?"

आदेश छोटा. किल्ली नाही. रात्रपाळी नाही.
सुई, शेजारी दुसरी सिस्टर उभी असेल तर, चालेल.
आठ आठवडे.
पुढे एक दिवस जरी वाढवायचा
तर इथे येऊन, कारण सांगून.

"जिंकलो का?" पायऱ्यांवर मी विचारलं.
"तारीख मिळाली," वकीलबाई म्हणाल्या
आणि आम्ही दोघी हसलो,
कारण कोर्टाच्या आवारात हे वाक्य
लोक कपाळाला हात लावून बोलतात.

सोमवारी कातवणची एक आजी, सुकलेली, शीर पळणारी.
नवी पोरगी शेजारी उभी, साक्षीदारासारखी,
माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली.
शीर मिळाली.

मग ट्रेमधल्या सुया मोजल्या.
कुणी सांगितलं नव्हतं.
दोनदा मोजल्या, मोठ्याने,
आणि त्यानंतर सही केली.